चढावरचा पेला

५ जानेवारी, सोमवार

ही वही मापांची. पुढून गिऱ्हाइकांच्या छाती, कंबर, उंच्या. आजपासून मागून माझा संताप. तोंडाने बोलायला गेले की भांडण होतं, भांडणात हे हसतात, आणि हे हसले की माझं निम्मं म्हणणं वाया जातं. त्यापेक्षा लिहिलेलं बरं. दुकानात अस्तराच्या ताग्याखाली ठेवली की कुणाचा हात पोचत नाही.

यांनी आज गाडी बदलून आणली. मला न विचारता! सकाळी आमची निळी गाडी गेली आणि दुपारी दारात एक पांढरी उभी. चालवत होता कोण, तर समोरच्या गॅलरीतला पायलट. हा विमानतळावर सामानाच्या ढकलगाड्या ढकलायचा, पण रुबाब असा की गल्लीने त्याला पायलटच करून टाकलं. आणि आमचे हे, ज्यांनी जन्मभर शाळेची बस चालवली, ते शेजारी पाहुण्यासारखे बसलेले.

वर गाडी कसली, तर ऑटोमॅटिक. क्लच नाही, गिअर टाकणं नाही. याच माणसाने आजवर ऑटोमॅटिकला 'पाळणा' म्हणून नावं ठेवली. पाळण्यात बसवतात, चालवत नाहीत, हे यांचंच वाक्य.

"कुणासाठी आणलाय हा पाळणा?" मी विचारलं.

"तुझ्यासाठी."

"मला चालवता येते का?"

"नाही येत. म्हणूनच. माझा गुडघा गेलाय, आता तू शिकायचं."

साठी आली माझी. गुडघा यांचा गेला आणि शिकायचं मी! मी पोळलेली तशीच दुकानात निघून आले.

६ जानेवारी, मंगळवार

गुडघ्याचं कळायला हवं म्हणून लिहिते. गेल्या महिन्यात यांनी फाटकातून गाडी आत घेताना डाव्या खांबाला घासली. ज्यांच्या बसला कधी ओरखडा नाही, त्यांनी! वर मलाच म्हणाले, फाटक नीट उघडलं नव्हतंस. चोराच्या उलट्या बोंबा. त्या दिवशी किल्ली खुंटीला लावली ती पुन्हा काढली नाही. ब्रेक दाबताना गुडघ्यात कळ येते म्हणे.

खांबाचं लेकाच्या कानावर कुणी घातलं देव जाणे. त्याचा फोन आला. "आई, घर टेकडीच्या डोक्यावर, दुकान खाली बाजारात. टॅक्सीवाले वर यायला नको म्हणतात. बाबा चालवणार नसतील तर तुम्ही तिथे राहणार कसे? मी महिन्या-दोन महिन्यांत येतो. तोवर काही सोय झाली नाही तर घर विकू आणि तुम्ही आमच्याकडे या. तुझं मशीन गॅलरीत बसेल."

माझं मशीन गॅलरीत! मी काय कुंडी आहे? हे घर आम्ही दोघांनी बांधलंय. खिडक्यांची उंची मी उभी राहून ठरवली, मशीनवर बसल्यावर खालचा अख्खा बाजार दिसावा म्हणून. ते विकून मी कुणाच्या गॅलरीत दोरा ओवू?

म्हणजे गाडी शिकले तर घर राहतं, नाही शिकले तर जातं. सगळ्यांनी मिळून मला बरोबर कोपऱ्यात गाठलंय.

११ जानेवारी, रविवार

पहिला धडा. सपाट मैदानात बरं चाललं. ब्रेक दाबायचा, दांडी 'डी'वर आणायची, ब्रेक सोडला की गाडी आपोआप रांगायला लागते. मला वाटलं, एवढंच? उगाच घाबरले.

मग हे म्हणाले, "आता चढ."

लाँड्रीच्या कोपऱ्यावर आमचा रस्ता असा उभा होतो की पायी चालणाराही तिथे बोलणं थांबवतो. तिथे यांनी मला मुद्दाम थांबायला लावलं आणि म्हणाले, "आता नीघ." मी ब्रेकवरून पाय उचलला. गाडी पुढे जाईल की नाही? गेली मागे! ऑटोमॅटिक म्हणे. घाबरून मी दोन्ही पाय एकदम दाबले आणि उजवा हात फाडकन दाराच्या काचेवर आपटला.

"हात कुठे चालला होता?" यांनी विचारलं.

कुठे म्हणजे? पायमशीन थांबवायचं असलं की दोन्ही पाय रोखायचे आणि उजव्या हाताचा तळवा चाकावर ठेवायचा. चाळीस वर्षांची सवय. तो मेला हात गाडीतही चाक शोधायला गेला. मी खरं ते सांगितलं आणि हे डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले.

मी म्हटलं, "रस्ताच तिरका आहे."

"नाचता येईना अंगण वाकडं."

"अहो, अंगण वाकडंच आहे! बघा की खिडकीतून!"

त्यांनी काही बघितलं नाही. समोरच तोंड करून बसून राहिले. बोटं सुजलीत माझी, उद्या काजं-बटणं सगळी काजवालीच्या गळ्यात.

१४ जानेवारी, बुधवार

काजवाली माझ्याकडे कैक वर्षं आहे, माणूस सरळ. आज चाचरत म्हणाली, "ताई, राग मानू नका, पण भाऊंचं माझ्यावर काही वाकडं आहे का? सकाळी टेकडीच्या पायऱ्यांवर शेजारून गेले, मी हाक मारायच्या आत निघून गेले. बघितलंसुद्धा नाही."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरी येऊन फैलावर घेतलं. म्हणाले, "लक्ष नव्हतं." लक्ष नव्हतं! रिटायर झाल्यावर माणसाला शिंगं फुटतात ती अशी. पूर्वी हा माणूस रस्त्यातल्या कुत्र्यालाही नाव घेऊन हाक मारायचा.

१८ जानेवारी, रविवार

आजचा अपमान मी विसरणार नाही.

गाडीत बसले तर हे हातात पितळेचा पेला घेऊन आलेले, काठोकाठ भरलेला. शेजारी बसले, पेला मांडीवर धरला आणि म्हणाले, "चढावर थांबायचं आणि निघायचं. पाणी सांडलं नाही तर तू शिकलीस."

सर्कस आहे का ही? पहिल्याच खेपेला गाडी मागे गेली, मी ॲक्सिलरेटर दाबला, गाडी उडी मारून पुढे गेली आणि अर्धा पेला यांच्या पँटीवर. दुसऱ्यांदा उरलेला. वर पायलट गॅलरीतून हातवारे करून मला गाडी कशी चालवायची ते दाखवत होता. उंटावरून शेळ्या हाकायला याला काय जातं?

"काट्याकडे बघा की तुम्ही, पेला कशाला हवा?" मी ओरडले. "इंजिन किती फिरतंय ते समोर दिसतं ना!"

"मला पाण्यावरून जास्त कळतं."

बसमध्येही हे असंच करायचे म्हणे, शिकाऊ ड्रायव्हरांना. मी शिकाऊ ड्रायव्हर नाही, मी बायको आहे.

घरी आल्यावर दांडी 'पी'वर टाकून मी उतरले तर गाडी कचकन हादरली. पुन्हा बोलणी. "उतारावर आधी हँडब्रेक, मग 'पी'. नाहीतर गाडीचं सगळं ओझं आतल्या एका खिळ्यावर येतं. एकट्यावर ओझं टाकू नये गं." गाडीच्या खिळ्याची केवढी कणव! माझ्या एकटीवर काय काय आलंय ते नाही दिसत.

२० जानेवारी, मंगळवार

काल डावा गुडघा चोळत होते, आज उजवा. मी विचारलं तर म्हणाले, दुखणं फिरतं. फिरतं काय? तेवढं पायलटबरोबर चहाला जायला बरे दोन्ही गुडघे चालतात. दर आठवड्याला न चुकता जातात आणि येताना चेहरा पडलेला. चहा पिऊन कुणाचा चेहरा पडतो?

डोळ्यांत औषधाचे थेंबही घालायला लागलेत. धूळ जाते म्हणे. जन्मभर बस चालवली तेव्हा नाही गेली ती.

२५ जानेवारी, रविवार

पुन्हा पेला, पुन्हा पँट ओली. आज धड्यात धडे: दोन पाय वापरायचे नाहीत, डावा पाय मेला समजायचा. चढावर ॲक्सिलरेटरच्या जोरावर गाडी तरंगत धरायची नाही, गिअरचा डबा तापतो. उभा चढ असला तर दांडी 'एल'वर. सगळं एका दमात सांगतात आणि वर, "समजलं?"

मी म्हटलं, "तुम्हीच एकदा चालवून दाखवा ना. डोळ्यांनी बघितलं तर समजेल."

यांनी पायावर हात ठेवला. मग म्हणाले, "गुडघा."

रात्रीच्या जेवणाला पेपर वाचून दाखवायचा हुकूम झाला. हल्ली हे रोजचंच झालंय. स्वतःला वाचायचा कंटाळा, आणि मी राबराबून आलेली बाई यांना बातम्या सांगते. नवाबाला हुक्का भरून द्यायचा तेवढा राहिलाय. शिवाय जाता-येता माझ्या मशीनच्या स्टुलावर धडकतात आणि म्हणतात, तूच हलवलंस. स्टूल घर बांधल्यापासून तिथेच आहे.

२ फेब्रुवारी, सोमवार

आज मी दुकानात बसल्या जागी ओरडले. काजवालीच्या हातातली कात्री पडली.

झालं असं, तिच्या भाचीला मी पायमशीन शिकवत होते. पोरीने थेट पाय मारले आणि मशीन उलटं फिरलं, दोऱ्याचा गुंता झाला. मी तिला म्हटलं, "अगं, पायाआधी हात! चाकाला आधी हाताने धर, आपल्याकडे ओढ, ते ओढ घ्यायला लागलं की मग पाय. नाहीतर मशीन मागे जाणारच."

आणि ओरडले. मागे जाणारच! गाडीचं दुसरं काय होतंय?

दुकान काजवालीवर टाकून पायऱ्या चढून घरी गेले आणि 'पायाआधी हात, पायाआधी हात' म्हणत यांना गाडीत कोंबलं. लाँड्रीच्या कोपऱ्यावर थांबले. हँडब्रेक वर ओढला. हा माझा चाकावरचा हात, फक्त उजव्याचा डावा झाला. उजवा पाय ब्रेकवरून उचलला. गाडी हलली नाही. मग ॲक्सिलरेटरवर पाय असा टेकला जसा रेशमी कापडावर पहिला टाका घालताना टेकतात. इंजिनाचा आवाज जरा जाड झाला, गाडीने नाक उचललं, दोरा ताणला जातो तशी ओढ हाताला लागली. तेव्हा हँडब्रेक सोडला.

गेली! पुढे गेली! मागे एक बोटभरसुद्धा नाही.

यांनी पेला आणला नव्हता, मी आणूच दिला नव्हता. पण डोळे मिटून बसले होते आणि तोंडभर हसत होते. "सांडलं नसतं," म्हणाले.

आता राग कशाचा, तर हे मला पहिल्या दिवशी का नाही सांगितलं? हँडब्रेकचं सांगितलं होतं म्हणे, तीनदा. सांगितलं असेल. पण मशीनसारखं आहे हे नव्हतं सांगितलं. चाळीस वर्षं माझ्या मशीनची घरघर ऐकणाऱ्या माणसाला एवढं सुचू नये!

८ फेब्रुवारी, रविवार

सलग पाच वेळा चढले. पेला हलला, सांडला नाही. पायलट गॅलरीतून टाळ्या वाजवत होता, त्याच्याकडे बघितलं नाही. लेकाला फोन करून सांगितलं, "ये तू. बघ ये." त्याने मार्चच्या पहिल्या रविवारी येतो म्हटलं.

तसं बघितलं तर मला चढ आवडायला लागलाय. हे वहीत लिहिते, यांना सांगणार नाही.

१० फेब्रुवारी, मंगळवार

वही आज पिशवीतून घरी आली, म्हणून आत्ताच लिहिते. अक्षर लागेल तसं लागो.

संध्याकाळी दुकान बंद करून निघालो. हे शेजारी, पेला मांडीवर. लाँड्रीच्या कोपऱ्यावर समोरून टेम्पो उतरत होता म्हणून मी थांबले. टेम्पो गेला. माझा हात हँडब्रेकवर, पायाने ओढ घेतलेली. डावीकडच्या गल्लीच्या तोंडाशी टेम्पोचा धूर होता, म्हणून मी यांना विचारलं, "तुमच्या बाजूने मोकळं आहे?"

"मोकळं आहे. चल."

मी हँडब्रेक सोडला आणि त्याच क्षणी धुरातून बाबागाडीचं चाक दिसलं. यांच्या खिडकीपासून हातभर अंतरावर एक बाई तान्ह्या मुलाला घेऊन रस्त्यात उतरली होती. कशी कोण जाणे, पण माझा पाय हलायच्या आधी हाताने हँडब्रेक वर खेचला. मग ब्रेक. गाडी जागच्या जागी धाडकन थांबली. बाईने बॉनेटवर दोन्ही हात आपटले.

"डोळे फुटले का तुमचे?" ती किंचाळली. "दोघं दोघं बसलाय पुढे, आणि एकालाही दिसत नाही?"

बरोबर होतं तिचं. मी हात जोडले. ती बाबागाडी ढकलत शिव्या देत गेली. बाळ झोपलेलंच होतं.

मग मी यांच्यावर फिरले. "तुमच्या बाजूला होती ती! तुमच्या खिडकीला चिकटून! मोकळं आहे म्हणालात!"

पेला उलटा झाला होता. सगळं पाणी मांडीवर. चेहरा चुन्यासारखा.

"मला दिसली नाही," म्हणाले.

"तुमच्याच बाजूला होती!"

"म्हणूनच दिसली नाही. बाजूचं काही दिसत नाही मला. समोरचंही नळीतून बघितल्यासारखं दिसतं. काचबिंदू आहे. गेलेलं परत येत नाही, थेंबांनी उरलेलं टिकेल तेवढं टिकेल."

मागची गाडी हॉर्न वाजवत होती. मी चढून वर आले. कशी आले ते आठवत नाही.

११ फेब्रुवारी, बुधवार

रात्रभर झोपले नाही, आता लिहिते. दुखणं आलं याचा राग नाही. दुखणं कुणालाही येतं. राग याचा आहे की मला सोडून परक्याला माहीत होतं. पायलटला माहीत होतं! चहाला म्हणून जायचे ते डोळ्यांच्या डॉक्टरकडे. तो गॅलरीतला ढकलगाडीवाला माझ्या नवऱ्याचा हात धरून दवाखान्याच्या पायऱ्या चढवत होता आणि मी त्याला उंटावरचा म्हणत होते.

खांब दिसला नव्हता. काजवाली दिसली नव्हती. स्टूल दिसत नव्हतं. मी एकेका गोष्टीला यांना बोल लावला, या वहीत टाका टाका शिवून ठेवलाय, आणि मला कळलं नाही. गुडघा म्हणे! डावा की उजवा तेवढं तरी ठरवायचं!

सकाळी विचारलं, "मला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर तू रडली असतीस, दुकान बंद करून माझ्याजवळ बसली असतीस, आणि लेकाने दोघांना उचलून नेलं असतं. तुला कीव आली की तुझे हातपाय गळतात. तू शिकतेस ती रागावून. पायमशीनसुद्धा माझ्या आईवर रागावून शिकलीस."

"म्हणजे मला मुद्दाम चिडवत होतात?"

"थोडंसं मुद्दाम. पेला खरा होता. काटा दिसत नाही, पण मांडीला कळतं."

"आणि स्वतः चालवणं सोडलंत ते?"

"खांब लागला त्या दिवशी वाटलं, खांबाच्या जागी पोर असतं तर? लोकांची पोरं वाहिली मी जन्मभर. किल्ली ठेवून दिली."

यावर मी जास्तच चिडले. किल्ली खुंटीवर फेकली आणि सांगितलं, "काल माझ्या हातून लेकरू गेलं असतं. मी आता त्या गाडीला हात लावणार नाही. घर विका, काय वाटेल ते करा."

१७ फेब्रुवारी, मंगळवार

बोलणं बंद आहे. मी पायऱ्यांनी उतरते, पायऱ्यांनी चढते. लेकाने फोनवर विचारलं, "झाली का सोय?" मी म्हटलं, "ये, मग बोलू." बोलताना मी खिडकीबाहेर बघत होते. खिडकीची उंची बरोबर आहे, आजही.

गाडी दारात उभी, तिच्यावर धूळ. पायलट रोज सकाळी येऊन काच पुसून जातो. कुणी सांगितलं होतं याला?

२० फेब्रुवारी, शुक्रवार

मी डबा विसरून गेले होते. दुपारी दुकानात वळून बघते तर हे दारात. हातात डबा, पँट गुडघ्यावर फाटलेली, रक्त आलेलं. भिंतीला धरून पायऱ्या उतरत आले एकटे. शेवटच्या पायऱ्यांवर पडले.

काजवालीने धावत स्टूल दिलं. मी जखम पुसायला लागले. हे म्हणाले, "आता मात्र गुडघा खरंच दुखतोय."

काजवालीला हसू आलं, मग मला आलं, मग मला रडू आलं. साफ बांध फुटला. गिऱ्हाईक दारात उभं राहून परत गेलं. "अहो, कशासाठी आलात? एक दिवस उपाशी मेले नसते मी!"

"तू घरात बोलत नाहीस. म्हटलं, दुकानात बोलशील."

"मेलात असता!"

"एक सांगू? त्या दिवशी ते लेकरू गेलं नाही. माझ्या डोळ्यांनी गेलं असतं, तुझ्या हाताने वाचलं. मी बस चालवत होतो तेव्हासुद्धा इतक्या चटकन थांबलो नसतो." जरा थांबून म्हणाले, "चूक माझी होती. मला दिसत नव्हतं आणि मी 'मोकळं आहे' म्हणालो. आता विचारशील तेव्हा खरं सांगेन."

मी पँटीचा फाटका गुडघा तिथेच, अंगावर असतानाच शिवला. सुई मुद्दाम एकदा टोचली.

मग त्यांना बाकावर बसवून मी पायऱ्या चढून वर गेले, किल्ली काढली आणि गाडी एकटी खाली घेऊन आले. नंतर दोघं वर चढलो. लाँड्रीच्या कोपऱ्यावर विचारलं, "तुमच्या बाजूला?"

"माहीत नाही. तूच बघ."

मी वाकून बघितलं. मग निघाले.

ही वही आता ताग्याखाली लपवत नाही, मशीनवर उघडीच असते. माझं हे पेन्सिलीचं बारीक अक्षर यांना कुठलं वाचता यायला! उगीच लपवत होते.

१ मार्च, रविवार

लेकाला स्टेशनवरून आणायला दोघं गेलो. मला स्टिअरिंगमागे बघून त्याने बॅग छातीशी धरली. "आई, खरंच तू? वरपर्यंत?"

"मागे बस आणि गप्प बस," मी म्हटलं.

हे पुढे बसले. मांडीवर पेला, काठोकाठ.

"बाबा, पेला कशाला?"

"आईचं ड्रायव्हिंग बघायला."

वाटेत यांनीच त्याला सगळं सांगितलं. डोळ्यांचं, खांबाचं, बाबागाडीचंसुद्धा. मी सांगू नका म्हणाले होते, तरी सांगितलं. आरशात मला लेकाचा चेहरा दिसत होता. अपेक्षा होती तेच तो बोलला. "बाबा, हे इतकं सगळं असताना तुम्ही दोघं टेकडीवर? आता तर प्रश्नच मिटला. आता कसे राहणार तुम्ही?"

तेवढ्यात लाँड्रीचा कोपरा आला, आणि आजच कुणाचं तरी कपाट टेम्पोतून उतरत होतं. बरोबर उभ्या चढावर थांबावं लागलं. मागे एक गाडी येऊन अशी चिकटली की तिचे दिवे आरशात मावेनात. लेक म्हणाला, "आई, मागे गाडी आहे. आई, अगदी जवळ आहे. आई..."

"दिसतंय मला."

यांचे डोळे मिटलेले, दोन्ही हात पेल्याभोवती.

कपाट हललं. मी डावीकडे वाकून बघितलं, उजवीकडे बघितलं. दांडी 'एल'वर. हात हँडब्रेकवर, पाय रेशमावर. ओढ आली. सोडला. गाडी कपाटवाल्यांच्या शेजारून वर निघाली, आणि मागची गाडी मात्र दोन हात घसरत मागे गेली. क्लचवाली असणार.

फाटकातून आत घेतली, दोन्ही खांबांना न लागता. आधी हँडब्रेक, मग 'पी'. लेकाने पुढे वाकून पेल्यात बघितलं. यांनी विचारलं, "किती आहे?"

"भरलेला आहे, बाबा."

"पँट तर कोरडी आहेच," हे म्हणाले. "तर तू विचारत होतास आम्ही कसे राहणार. आत्ता वर आलो ना, तसे."

लेक गाडीतून उतरला. मग बॅग उचलली आणि म्हणाला, "माझी खोली झाडलीय का?" घर विकायचं पुन्हा काढलं नाही. उद्या काढलं तर उद्या बघू, माझ्याकडे राग शिल्लक आहे.

मी उतरून यांच्या बाजूचं दार उघडलं. दाराशी आमची एक पायरी आहे. इतके दिवस त्या पायरीशी मी हात पुढे केला की हे झटकून टाकायचे आणि भिंत चाचपत जायचे. आजही मी चिडायची तयारी करूनच उभी होते. हे बाहेर आले, पेला माझ्या हातात दिला, पाऊल उचललं आणि तसंच अधांतरी थांबवलं.

"पायाआधी हात ना?" म्हणाले, आणि माझ्यापुढे हात धरला.

मी पेल्यातलं पाणी घटाघटा पिऊन टाकलं, कारण तो हात धरायला माझा हात रिकामा हवा होता.